गालफडावरचा टीव्ही

५ जानेवारी

ती. कात्रीताईस,
बटणाचा सा. न. वि. वि.

उत्तर माझ्या पत्त्यावर पाठव, घरच्या नको. घरी पाठवलंस तर बाबा नेहमीप्रमाणे ते मोठ्याने वाचतील आणि समोरच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या माणसालाही आपल्या घरचं सगळं कळेल.

बातमी अशी की आईने बाबांना नोटीस दिली आहे. काल संध्याकाळी तिने शिलाई मशीन थांबवलं, कोट सुईखाली तसाच ठेवला, बाहेर येऊन टीव्हीसमोर उभी राहिली आणि म्हणाली की महिनाअखेरपर्यंत हा आवाज कमी झाला नाही तर ती मशीन उचलून बटणाकडे, म्हणजे माझ्याकडे, राहायला जाणार. बाबांना ऐकू गेलं नाही. तिने टीव्ही बंद करून पुन्हा सांगितलं. मग गेलं. त्यावर बाबांनी विचारलं की टीव्ही का बंद केलास, मालिकेतल्या वकिलीणबाई आत्ता कुठे नवऱ्याला रंगेहाथ पकडत होत्या.

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसले, पण नंतर घरी येऊन माझ्या दोन खोल्या पावलांनी मोजल्या. मशीन आलं तर एकतर ते तरी राहील किंवा मी तरी. दिवसभर वाचनालयात लोकांना गप्प करायचं आणि घरी येऊन कोटांच्या अस्तरांत झोपायचं. पण खरी धास्ती ती नाही. आई एकदा निघाली की आपणहून परतणार नाही, आणि आपलं काही चुकलंय हेच बाबांना पटत नसल्याने तेही बोलवायला येणार नाहीत. दोघं दोन घरांत फुगून बसतील आणि मी मध्ये डबे पोहोचवत बसेन. मला ते नकोय, ताई.

बाबांचं तरी काय चुकतं म्हणा. सगळा जन्म तलावात उतरून पोरांना पोहायला शिकवलं, त्यात दोन्ही कानांचे पडदे गेले. कान सारखे वाहतात म्हणून आत घालायचं यंत्र चालत नाही. टीव्ही एवढा मोठा लावूनही मालिकेत कुणी हळू बोललं की त्यांना काही कळत नाही. मग ते तलावावरच्या आवाजात आत विचारतात की ती काय म्हणाली, आणि आई मशीन न थांबवता आतून ओरडून सांगते. ही मालिका तिला डोळ्यांसमोर नको असते, हेही ती रोज सांगते. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले बिचारे घरीच बारीक काम करतात. त्यांच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या दाराखालून येतच असतात.

आता मुद्दा. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आतली नस ठणठणीत आहे, फक्त तिथे जायची वाट बंद आहे. म्हणून हाडावरून ऐकवणारा हेडफोन लावून बघा. कानात काही घालायचं नाही. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर दोन गोट्या टेकतात, त्या थरथरतात आणि आवाज हाडातून आत पोहोचतो. दुकानात दोन प्रकार दिसले. एक नावाजलेला, त्याची किंमत ऐकून मी तो दोन्ही हातांनी परत ठेवला. दुसरा स्वस्तातला, त्याच्या कंपनीचं नाव दुकानदारालाही वाचता येईना. स्वस्तातला घ्यावा का? तू दिवसभर लोकांच्या जबड्यांत असतेस, हाडांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

लोभ आहेच. उत्तरही लवकर असावं.

तुझी धाकटी,
बटण

---

११ जानेवारी

चि. बटण हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कामाच्या जागी वाचलं आणि इतकी हसले की हातातली ओली कवळी टेबलावर पडली. ती एका निवृत्त हेडमास्तरांची आहे. आता त्यांना पुढचा आठवडा पातळ पेजेवर काढावा लागेल, आणि त्याला आपले बाबा जबाबदार आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जबडे बनवत नाही, जबड्यात बसणारे दात बनवते. पण आमच्या इथे प्लास्टर ओतणारा जो उंच माणूस आहे, तो रोज सकाळी पळायला जातो आणि तुझ्या त्या दुसऱ्या प्रकारातलाच बिननावाचा हेडफोन लावतो. काल त्याच्याकडून मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लावून बसले. बटण, कमाल आहे! कान मोकळे, बाहेरचं सगळं ऐकू येतंय, आणि डोक्याच्या आत कुणीतरी बातम्या देतंय. मी दचकून मागे वळून बघितलं.

आता दोष ऐक. गाणं ऐकायला तो कुचकामी आहे, तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा येतो. आवाज वाढवला की गालफडाला गुदगुल्या होतात. मागची पट्टी सैल आहे, मान हलवली की सगळं घसरतं. आणि मोठा दोष म्हणजे त्या गोट्या बाहेरच्या बाजूनेही तेवढ्याच थरथरतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला कुणकुण ऐकू येते. प्लास्टरवाला म्हणतो की महागातला बाहेरून अगदी गप्प असतो. पण माणसाचं बोलणं मात्र या स्वस्तातल्यातही लख्ख कळतं, आणि वकिलीणबाई गात नाहीत, बोलतात.

तेव्हा माझं मत, घ्यावा. आधी स्वस्तातलाच. बाबा तो एकतर हरवतील, नाहीतर कुणा पोराला बक्षीस देऊन टाकतील. महागातला हरवला तर मला रडू येईल. मी इथूनच मागवून सरळ घरी पाठवते. सोबत साधी दोन ओळींची चिठ्ठी घालते, बाबांनी मोठ्याने वाचली तरी चालेल अशी.

आईला महिनाभर तरी धरून ठेव. तिची कात्री लपव. कात्रीशिवाय ती कुठे जात नाही.

माया आहे तशीच ठेव, वजाबाकी करू नकोस.

तुझी,
कात्री

---

२४ जानेवारी

चि. कात्रीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली वस्तू मिळाली. पैसे पाण्यात गेले, एवढं सांगायलाच लिहायला बसले आहे. तुझे बाबा तलावावर गेलेत म्हणून शांतता आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी ती वस्तू चष्म्यासारखी डोळ्यांवर लावली. मग कपाळावर लावली. मग मी कागद वाचून बरोबर जागी लावून दिली, तर ती मान हलवली की खाली. तुझ्या बाबांना मान न हलवता काही बघता येत नाही, हे तुला माहीत आहेच. तेव्हा मी टेप घेतली, त्यांच्या डोक्याचं माप घेतलं आणि पट्टीला मागून दोन बोटं इलॅस्टिक लावून दिलं. आता घसरत नाही. एवढं माप त्या कंपनीने आधी घ्यायला काय झालं होतं कोण जाणे.

शिवाय त्या दोन गोट्या टणक असतात गं. गालावर लाल वळ उठले. म्हणून मी उरलेल्या फ्लॅनेलच्या, आत कापूस भरून, दोन छान गुबगुबीत गाद्या शिवून त्यांवर बसवल्या. काजं-बटणं केली म्हणजे धुवायला काढता येतील. दिसायला फार नीटनेटकं झालंय.

पण ऐकू म्हणशील तर काहीही येत नाही. ते लावून बसतात, मला बरं वाटावं म्हणून दोन मिनिटं डोळे मिटतात, मग उठून टीव्हीचा आवाज पहिल्यासारखा करतात. परवा वकिलीणबाई कोर्टात ओरडल्या तेव्हा माझ्या हातून बाहीची शिवण तिरकी गेली. पूर्ण बाही उसवली. वरून घड्याळवाल्यांची चिठ्ठी आलीच.

मी बोललेला शब्द फिरवत नाही. टेम्पोवाल्याला रविवारी बोलावलं आहे. बटणने कात्री लपवली होती, ती तांदळाच्या डब्यात सापडली. तिला सांग की अशाने धार जाते.

तुझ्या बाबांना टेम्पोचं सांगितलं, तर त्यांनी मशीनला तेल घालून, चाक पुसून दिलं आणि टेम्पोत उभं ठेव, आडवं नको, एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, निदान थांब म्हणतील.

तब्येतीला जप. आशीर्वाद नेहमीचेच, मापात घट न करता.

तुझी,
आई

---

२९ जानेवारी

चि. बटण,
आशीर्वाद, घाईत.

गाद्या!!

हाडाला टेकलं तर ऐकू येणार ना गं? आईने मध्ये कापूस घातलाय! ती गादी नव्हे, पांघरूण आहे. आवाजाला गुरफटून झोपवलंय तिने. हे पत्र मिळाल्याबरोबर चप्पल घाल, घरी जा आणि त्या काढून टाक. आईने काजं-बटणं केली आहेत, तेव्हा तुला जमेल, नावालाच जागशील.

मी इथे सगळ्यांना सांगितलं. प्लास्टरवाला हसून हसून खाली बसला.

जा आधी. लोभ धावतपळत असावा.

कात्री

---

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बस खाली. बसलीस? ऐकू येतंय! बाबांना ऐकू येतंय!

तुझं पत्र आलं तेव्हा आई माझ्या दोन खोल्यांमधल्या बोळात मशीनवर होती. हो, आली ती रविवारी. मशीन उभंच आणलं, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. आता मला स्वयंपाकघरात जायचं तर पोट आत घेऊन आडवं सरकावं लागतं. मी तशीच धावले.

बाबा टीव्हीसमोर एकटेच होते, आवाज छपराला भिडलेला. मी गाद्या काढल्या, गोट्या नीट गालफडावर टेकवल्या. आपला टीव्ही एका वेळी एकीकडेच आवाज देतो, त्यामुळे हेडफोन जोडला तशी खोली एकदम गप्प झाली. मला वाटलं आपलीच श्रवणशक्ती गेली. बाबा पुढे वाकून बसले. तोंड उघडं. मग त्यांनी माझा हात धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की बटण, ही माणसं कुजबुजतात गं! इतकी वर्षं त्यांना माहीतच नव्हतं की वकिलीणबाई नवऱ्याशी हळूही बोलतात. त्यांना वाटायचं, ती बाई तापटच आहे. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

त्या दिवसापासून बाबा रोज डोक्यावर पोहायची टोपी घालून, तिच्याखाली हेडफोन दाबून मालिका बघतात. आईचं इलॅस्टिक असूनही टोपी कशाला, विचारलं तर म्हणाले की शिस्त.

आता तूच सांग, प्रश्न सुटला ना? मी नाचत घरी आले आणि आईला सांगितलं की आवाज बंद झाला, तू आता परत जाऊ शकतेस. तिने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं की बरं झालं. आणि मशीन चालवायला लागली. ती काही जात नाही, ताई! आपणहून गेलं तर कमीपणा येतो. वर रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळेला तिचा पाय थांबतो. काल मला सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या बाईने नवऱ्याला सोडलं का. मी म्हटलं, तुला ती मालिका आवडत नाही ना? तर म्हणाली की आवडत नाहीच, पण लांब शिवणी कोर्टाच्या प्रसंगातच सरळ येतात, आता लयच सापडत नाही. एका कोटाच्या दोन्ही बाह्या तिने डाव्याच शिवल्या.

घरात गंमत संपलेली नाही, हे सोबतच्या पत्रावरून कळेल. बाबांनी जपून ठेवायला दिलं होतं, मी तुझ्यासाठी उतरवून काढलंय.

माझ्यावरचा लोभ बोळातून आडवा का होईना, पण येत राहू दे.

तुझी,
बटण

---

(सोबतचं पत्र)

२ फेब्रुवारी

रा. रा. मास्तर यांस,
वरच्या मजल्यावरून घड्याळवाल्याचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या काही वर्षांत मी आपणांस आवाज कमी करण्याविषयी वेळोवेळी विनंती केली. आपण ती आता एकाएकी मान्य केली आहे. त्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे मला ठरवता येत नाही.

माझं काम असं आहे की डोळे आणि हात गुंतलेले, कान मोकळे. वकिलीणबाईंचा खटला मी पहिल्या दिवसापासून, माझी इच्छा नसताना, जमिनीतून ऐकत आलो आहे. वहिनी आतून सांगत असत ते बारकावेही मला मिळत. आता ऐन निकालाच्या तोंडावर आपण शांतता पाळली आहे. तिचा नवरा खरोखरच नवरा आहे की त्याचा जुळा भाऊ, हे कळल्याशिवाय माझं चित्त ठिकाणावर येत नाही. काल एका घड्याळात मी दोन तासकाटे बसवले.

तरी थोडा आवाज, भिंतीला ऐकू येईल इतपत, ठेवावा ही विनंती. आधीच्या सर्व चिठ्ठ्या रद्द समजाव्यात.

कळावे. शेजारधर्म आहे तो दोन्ही मजल्यांवर टिकावा.

आपला,
वरचा

---

९ फेब्रुवारी

चि. कात्रीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहून झाल्यावर मोठ्याने वाचणार नाही. ऐकायला कुणी नाही. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा सवयीने वाचलं, तर शेवटी लक्षात आलं की मी रिकाम्या खोलीला वाचून दाखवतोय.

वस्तू उत्तम आहे. माझ्या पोरांना मी सांगत असे की पाण्याखाली टाळी वाजवली तर ती डोक्यात ऐकू येते, कानात नाही. हे तसंच. मला आता सगळं ऐकू येतं. मालिकेतल्या सासऱ्याचं पाय ओढत चालणंसुद्धा. नवरा जुळाच निघाला, घड्याळवाल्यांना जिन्यात उभं राहून सांगितलं. ते मटकन पायरीवर बसले.

पण एक अडचण आली आहे आणि तुझ्याइतकं सडेतोड घरात कुणी नाही, म्हणून तुला विचारतो. पूर्वी एखादं वाक्य कळलं नाही की मी आत विचारत असे. तुझी आई सांगत असे. सांगता सांगता ती तिचं मतही सांगे, की या बाईने असल्या माणसाशी लग्नच का केलं, पडद्याचा रंग किती भडक आहे, सासऱ्याचा कोट खांद्यात कसा ओढतोय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की मी मालिका बघत नव्हतो, तुझ्या आईशी बोलत होतो. आता प्रत्येक शब्द ऐकू येतो आणि बघायला मजा येत नाही. तुझ्या आईशिवाय मला करमत नाही. साफ लिहितो.

आवाज कमी झाला, म्हणजे तिची अट पुरी झाली. मला वाटलं होतं ती येईल. आली नाही. तिला वाटत असेल की मी बोलवायला येईन. पण जाऊन म्हणायचं काय? मी हजारो पोरांना पाण्यात उडी मारायला लावली आणि मला तिच्या दारात उभं राहायचा धीर होत नाही.

लवकर कळव.

तुझा,
बाबा

---

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, काठावर उभं राहून पाण्याकडे बघत राहिलं की पाणी जास्त गार वाटतं, हे मला कुणी शिकवलं? मला हातही न धरता कुणी ढकललं होतं? आता मी ढकलते आहे. काहीतरी निमित्त काढा आणि बटणाकडे जा. शर्टाचं बटण तोडा. विजारीची शिवण उसवा. आईला दुरुस्त करायला काहीही दिलं की ती आधी रागावते आणि मग तुम्हाला बसवून घेते.

एकच करा, तिथे हळू बोला. बोळ अरुंद आहे.

आशीर्वाद असू द्यावेत आणि उडी मारल्याचं कळवावं.

आपली,
कात्री

---

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बाबांना बटण तोडायला सांगितलं होतंस ना? त्यांनी काय केलं ऐक.

काल संध्याकाळी दार वाजलं. बाबा उभे. डोक्याला पोहायची टोपी आणि हातात तो हेडफोन, ठिबकत. आईने मशीन थांबवलं. बाबांनी सांगितलं की खोक्यावर पाण्यात चालतो असं छापलेलं होतं, आणि पाण्याच्या बाबतीत आपण कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, म्हणून बादलीत बुडवून बघितला. चालला नाही. दुरुस्त करून दे.

आईने विचारलं की मी शिंपीण आहे की रेडिओवाली. पण हात पुढे केला होता, ताई, बोलता बोलताच. मग तिने तो फडक्यात गुंडाळला, इस्त्रीच्या कोमट टेबलावर ठेवला, बाबांना स्टुलावर बसवलं आणि टोपी काढून डोकं पुसलं. माझ्या डोक्याला तिने असा टॉवेल कधी लावला नव्हता.

थोड्या वेळाने उजवी गोटी जिवंत झाली. डावी कायमची गेली. मी माझ्या फोनवर मालिका लावून दिली. चालतोय का बघायला आईने गोटी आपल्या कानशिलावर धरली आणि तिचा चेहरा एकदम बदलला. बाबा विचारायला लागले की काय म्हणतेय, काय म्हणतेय, ती सांगेना. इतकी ऐकत होती. शेवटी बाबांना राहवेना. त्यांनी स्टूल सरकवलं आणि गोटीच्या दुसऱ्या बाजूने आपलं डोकं टेकवलं. तुझा तो मोठा दोष आठवतो ना, बाहेरच्या बाजूनेही थरथरते तो? दोघांनाही ऐकू येत होतं! एक गोटी, दोन्हीकडून दोन डोकी. मी बोळाच्या तोंडाशी अवघडून उभी, हलले असते तर मशीनला धक्का लागला असता.

भाग संपला. बाबा म्हणाले की घरचा पडदा मोठा आहे. आईने कात्री पर्समध्ये टाकली. मशीन नेणारा टेम्पोवाला उद्या सकाळी येतोय, आणि मी बोळात पळून बघणार आहे, नुसती इकडून तिकडे.

तू आधी नको म्हणाली होतीस तो महागातला आता पाठवच, दोन्ही बाजू चालणारा. अशी अडचण का काढायची दोघांनी?

लोभाची एकच बाजू चालू असली तरी चालेल, पण असावी.

तुझी,
बटण

---

११ मार्च

चि. कात्रीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला महागातला हेडफोन मिळाला. परत पाठवते आहे. रागावू नकोस. खोकं, पिशवी, कागद सगळं जसंच्या तसं आहे, दुकानदार घेईल.

वस्तू देखणी आहे यात वाद नाही. आवाजही खणखणीत. पण बाहेरच्या बाजूने ढिम्म. तुझ्या बाबांनी लावला की त्यांना ऐकू येतं, मी डोकं टेकवलं तर मला काही नाही. मी लावला तर ते उपाशी. त्यांनी लगेच मी काय ऐकलं ते विचारायला सुरुवात केली, मी ओरडून सांगायला, आणि वरून घड्याळवाल्यांनी काठी आपटली. आपटली ती नाराजीने नव्हे, आणखी मोठ्याने सांगा म्हणून. ते एक वेगळंच होऊन बसलं आहे. तुझे बाबा रोज भाग संपला की जिन्यात उभे राहून त्यांना गोष्ट सांगतात. आता तिसऱ्या मजल्यावरच्या बाईही भांडी घेऊन पायरीवर येऊन बसतात.

तेव्हा आमचा जुनाच बरा. मी त्याला नवीन पट्टी शिवली आहे. दोन्ही डोक्यांचं मिळून माप घेतलं, रुंद इलॅस्टिक घेतलं, आतून तलम कापड लावलं. मध्ये गोटी बसते आणि भोवतीने आम्ही दोघं. गाद्या केलेल्या नाहीत, तुझी भीती मला माहीत आहे. एकदा अडकलो की मध्येच उठता येत नाही, त्यामुळे तेवढा वेळ मशीन बंद असतं. गिऱ्हाइकांना थोडं थांबावं लागतं. थांबतात.

आणि ती मालिका मला आवडते. लिहून टाकलं. पहिल्यापासून आवडते.

बटण विचारत होती ना की स्वस्तातला घ्यावा का, तर माझं मत लिहून ठेव. घ्यावा. पण एक बाजू बिघडलेला बघून घ्यावा.

आता एकच सांगायचं राहिलं. परवा जाहिराती लागल्या तेव्हा मी आवाज बंद केला. पट्टी तशीच होती, डोक्याला डोकं टेकलेलं. मी आपली स्वतःशीच, अगदी हळू, ओठातल्या ओठात काहीतरी बोलले. कानाला ऐकू यावं असं नव्हतंच ते. तर तुझ्या बाबांनी त्याला उत्तर दिलं. तेही हळू. मी दचकलेच. त्या गोटीत आवाज नव्हता, कात्री, माझंच बोलणं हाडातून त्यांच्यापर्यंत गेलं होतं. किती वर्षं मी या माणसाशी ओरडून बोलले गं. घसा बसेपर्यंत. आता रोज मालिका संपली तरी आम्ही पट्टी काढत नाही. घड्याळवाले जिन्यात ताटकळतात.

मी त्या दिवशी काय बोलले ते मात्र लिहीत नाही. हे पत्र टपालात टाकायला तुझ्या बाबांच्या हाती द्यायचं आहे, आणि ते आधी मोठ्याने वाचतील.

स्वतःला जप. माया सैलच शिवली आहे, वाढायला जागा ठेवून.

तुझी,
आई